गांजाच्या दवाखान्याला माझा जाहीर विरोध

हे तुम्हाला सांगावं की नाही, याच विचारात होतो. पण चहा आलाच आहे, तर ऐका. इथं इंग्लंडात, रीडिंग गावी आल्यापासून मी गाढवपणा कमी केलेला नाही, पण यानं सगळ्यांवर कडी केली!

आमच्या गल्लीच्या टोकाला, शाळेसमोर, एक पब होता. तो बंद पडला. तिथं दवाखाना काढायला कुणीतरी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, परवानगी मागितली आणि खांबाला नोटीस लागली. त्यात मला एकच शब्द दिसला. कॅनबिस! म्हणजे गांजा!

डॉक्टर तपासणार, त्यांनी लिहून दिलं तरच औषध मिळणार, सगळं कायद्यात बसणारं, हे खाली लिहिलेलं होतं. पण खालचं वाचतो कोण? पुण्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो हो! नोटीस दिसली की माझ्या अंगातच येतं. इतकी वर्षं तिथं दारू विकली जात होती तेव्हा मला समोरची शाळा दिसली नव्हती, ते सोडा.

निघालो सह्या गोळा करायला. पहिलं घर देशपांडे काकूंचं. आम्ही इथं नवखे होतो तेव्हा काका-काकूंनीच आम्हाला सांभाळलं. काका कॅन्सरमधून उठले, पण केमोनंतर त्यांच्या पायांच्या नसा सतत जळायच्या. बसवत नाही, झोपवत नाही.

"कसली सही रे नितीन?"

"गांजाचं दुकान येतंय, काकू! हाणून पाडायचं!"

काकूंनी कागद हातात घेतला. "दुकान की दवाखाना?"

"एकच हो ते! पाटी बदलली म्हणून काय झालं?"

"बरं," म्हणाल्या. सही केली. वर मला टॉवेल दिला, कारण मी पावसात चिंब भिजलो होतो.

मग कौन्सिलची मीटिंग. बोलायला तीन मिनिटं. मी संस्कार, मुलं, पुढची पिढी, काही म्हणजे काही सोडलं नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सॉरी सर, पण हा प्लॅनिंगचा मुद्दा नाही. जागा, रहदारी, गोंगाट, एवढंच आम्ही बघतो."

मी गडबडलो. जाता जाता तोंडातून निघालं, "आणि तिथं पार्किंग कुठाय?"

सगळ्यांच्या माना वर! झालं. संस्कार गेले वाया आणि पार्किंगवर अर्ज फेटाळला गेला.

मी पेढे घेऊन सगळ्यात आधी काकूंकडे. त्यांनी पेढा हातात घेतला, तोंडात नाही घातला.

"यांच्या डॉक्टरांनी तोच दवाखाना सुचवला होता रे," त्या हळूच म्हणाल्या. "लांबचा प्रवास यांना सोसत नाही. इथं व्हीलचेअर ढकलत मीच नेलं असतं."

"काकू! मग सही का केलीत?"

"तू असा भिजून दारात उभा. आमच्यासाठी एवढा धावतोस. तुला नाही कसं म्हणायचं?"

तिथंच, हातात पेढ्यांचा बॉक्स धरून, रडलो. लहान मुलासारखा रडलो. काकूच मला म्हणाल्या, "पुरे आता. यांना नाही सांगितलेलं मी तुझं नाव."

आता काकांना लंडनच्या तसल्याच दवाखान्यात माझ्या गाडीतून मीच नेतो. औषधानं थोडी झोप लागते म्हणतात. पण वाटेत जरा कुठं धक्का बसला की मागून "आई गं" ऐकू येतं, आणि मी गाडी आणखी हळू घेतो. दर खेपेला ते अंगानं कमीच झालेले दिसतात.

परवा गाडीत काका म्हणाले, "कोण रे ती माणसं, ज्यांनी आपला दवाखाना होऊ दिला नाही? एकदा भेटव मला. ओरडणार नाही मी. फक्त विचारीन, का रे बाबा?"

आरशात पाहिलं, तर काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"शोधतो, काका," मी म्हणालो.

शोधायचं काय त्यात! रोज सकाळी दाढी करताना भेटतो की तो. त्याला काकांसमोर उभं करायची हिंमत तेवढी होत नाही.