धुराड्याचा शेवटचा टप्पा

चाळिशी उलटल्यावर मी व्हिडिओ गेम खेळायला लागले, याचं आमच्या गावात कुणाला काही वाटलं नाही. मास्तरीण लॅपटॉपसमोर बसली म्हणजे शाळेचंच काहीतरी भरत असणार, असा सगळ्यांचा समज होता आणि तो मी दूर केला नाही. लॅपटॉप माझ्या धाकट्या भावाचा. तो आटगावला, आमच्या माहेरच्या घरात राहतो आणि कंप्युटरचंच काम करतो. दिवाळीत त्याने नवा घेतला आणि जुना मला दिला. सोबत दोन्ही हातांत धरायचा एक रिमोट दिला आणि आत एक गेम भरून ठेवला. लहानपणीच्या कॅसेटवाल्या गेमसारखाच आहे, म्हणाला, फक्त जास्त छळतो.

तो कॅसेटवाला गेम आटगावला शेजारच्यांकडे होता. टीव्हीला एक डबा जोडायचा, पिवळ्या कॅसेटमध्ये फुंकर मारायची आणि ती डब्यात खोचायची. तीन जीव मिळायचे. ते संपले की परत पहिल्यापासून. वीज गेली तरी परत पहिल्यापासून. मी मुलगी आणि वर पाहुणी, त्यामुळे माझा नंबर शेवटी लागायचा आणि तोवर वीज जायची. दुसरा टप्पा कसा दिसतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचं दुःख झालं होतं असं नाही, पण राहिलं ते राहिलंच.

भावाने दिलेला गेम दिसायला हुबेहूब तसा होता. तीच चौकोनी ठिपक्यांची चित्रं, तोच पिपाणीसारखा आवाज. एका बंद पडलेल्या गिरणीचं उंच धुराडं आणि त्याच्या तळाशी झाडू घेतलेली एक बाई. तोंडाच्या जागी दोन ठिपके, बाकी काही नाही. तिला वरच्या तोंडापर्यंत न्यायचं, एवढीच गोष्ट. एका बटणाने उडी, दुसऱ्याने झाडू टेकून आणखी एक उडी. वाटेत विटा ढासळतात, भोकांतून वाफ सुटते, दात्यांची चाकं फिरतात. पाय किंचित चुकला की बाई खाली.

फरक एवढाच की इथे जीव मोजत नाहीत. पडलं की बाई लगेच मागच्या कट्ट्यावर उभी. ओरडा नाही, थांबणं नाही, परत कर. आधी मला वाटलं हे फारच सोपं झालं. मग लक्षात आलं, परत परत करू देतात म्हणूनच ते इतकं अवघड ठेवू शकतात. जुन्या गेममध्ये निम्मं नशीब असायचं. इथे सगळं ठरलेलं. वाफ त्याच वेळी सुटते, चाक त्याच वेगाने फिरतं. पडलात तर चूक तुमची आणि पलीकडे गेलात तर तेही तुमचंच. वीस वर्षं शाळेत आणि चौदा वर्षं एकत्र कुटुंबात काढल्यावर मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. शाळेत निकाल चांगला लागला तर तो तालुक्याचा आणि वाईट लागला तर माझा. घरात भाजी कुणी केली हे चार हातांत वाटलं गेलेलं असतं. स्वच्छ आपली म्हणावी अशी चूकसुद्धा सहसा मिळत नाही.

सकाळची शाळा सुरू झाली तशी मी दुपारी घरी असायला लागले. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत शिफ्टला, दीर वाडीत भेंडीला पाणी लावायला. घरात मी आणि जाऊबाई. मी त्यांना ताई म्हणते. त्या ओटीवर तांदूळ निवडत बसायच्या आणि एक डोळा माझ्या पडद्यावर ठेवायच्या. मालिकेतल्या बाईची करावी तशी त्यांना त्या धुराड्यातल्या बाईची काळजी लागली. ती वर जाऊन करणार काय, असं त्यांनी एकदा विचारलं. धुराडं झाडणार, मी सांगितलं. मग खालूनच बांबू का लावत नाही, म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या हाती रिमोट द्यायचे. पहिला टप्पा त्या हसत हसत पार करायच्या आणि वाफ आली की रिमोट माझ्या मांडीवर टाकायच्या.

ताईंविषयी इथेच सांगायला हवं. आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते, म्हणजे आज सगळ्या आमच्या खाचरात, उद्या आम्ही त्यांच्या. बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात, रोपं लावत मागे मागे सरकतात. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टी येते, तिला पात म्हणतात. जिचा हात हळू, ती मागे सरकू शकत नाही. दोन्ही बाजूंनी लावलेलं भात तिला ओलांडून मागे जातं आणि ती मध्येच अडकून पडते, सगळ्यांना दिसेल अशी. तशी वेळ कुणावर येऊ द्यायची नाही, हा आमचा रिवाज. शेजारची न बोलता आपला हात लांब करते आणि तिच्या पातीतली चार-चार रोपं स्वतः लावून टाकते. त्याबद्दल कुणी आभार मानत नाही, कुणी बोलूनही दाखवत नाही.

लग्न होऊन धसईजवळच्या या गावात आले तेव्हा मला रोप धरताही येत नव्हतं. माझ्या शेजारी ताई उभ्या राहिल्या. त्यांनी माझी अर्धी पात लावली. पुढच्या वर्षी अर्धी, त्याच्या पुढच्या वर्षी अर्धीच. मी कधी पुरती मागे पडले नाही, आणि म्हणून कधी शिकलेही नाही. बाया चेष्टेने म्हणायच्या, मास्तरणीची पात थोरलीच्या हातात. मीही हसायचे. पण ते मला लागायचं, दर वर्षी लागायचं. धुराडं मला एकटीला चढायचं होतं ते यासाठी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि बरोबर हसले असते.

शेवटच्या टप्प्यावर मी महिना-दीड महिना अडकले. वरून प्रकाश दिसतो, मध्ये चार चाकं उलटसुलट फिरतात आणि खालून वाफ वर चढत येते. खूपदा पडलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक उघडा तळहात दिसायला लागतो. हिरवं बटण दाबलं की तो हात बाईला पडू देत नाही. आजकालच्या गेममध्ये अशी सोय ठेवतात. ज्याला हवी त्याने घ्यावी, चांगलंच आहे. मी त्याच्याकडे बघत नव्हते. ताईंनी विचारलं, हा हात कसला? मी सांगितलं, मदतीचा. मग घे ना, म्हणाल्या. नको म्हटल्यावर घरी आलेल्या पाहुण्याने पाणी नाकारल्यावर बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

परीक्षा संपता संपता एका दुपारी मुरबाडला मीटिंगचा निरोप आला. मी गेम तसाच थांबवून ठेवला, कट्ट्यावर बाई उभी, आणि स्कूटी काढली. संध्याकाळी परतले तर ताई दारातच होत्या. चेहरा फुललेला.

"वर पोचली गो तुझी बाई," त्या म्हणाल्या.

पडद्यावर उघडं आकाश होतं. खाली ठिपक्यांचं गाव, घराघरांत दिवे, आणि धुराड्याच्या काठावर पाय सोडून बसलेली बाई. हे सगळं मी पहिल्यांदा बघत होते आणि ते बघण्याआधीच संपलेलं होतं. बटण दाबलं तर सुरुवातीचं पान आलं. माझ्या खेळापुढे 'पूर्ण' असं चिन्ह आणि त्याच्या शेजारी छोटा तळहात. तो पुसता येत नाही, मी बघितलं.

पाणी प्यायले, साडी बदलली, भाकऱ्या केल्या. पुढचे काही दिवस मी ताईंशी कामापुरतंच बोलत होते. त्यांना वाटलं मीटिंगमध्ये काहीतरी झालं असेल. त्यांनी मला आवडते म्हणून सुकटीची चटणी केली आणि माझ्या ताटात जास्त वाढली. त्या चटणीने मला आणखीच राग आला. एका गेमवरून चाळिशीतल्या बाईने एवढं फुगून बसावं हे हास्यास्पद आहे, हे मला त्या वेळीही कळत होतं. कळून राग जात नाही.

शेवटी आठवडी बाजाराच्या दिवशी बोलणं झालं. धसईला भेंडी देऊन आम्ही दोघी परत आलो होतो. टोपली उतरवताना ताईंनी सहज विचारलं, आता ती बाई का नाय खेळत?

"तुम्ही ती संपवलीत म्हणून," मी म्हटलं. "माझी होती ती, ताई. पडत होते तर पडू द्यायचं होतं. शेतातपण. चौदा वर्षांत एक पात माझी माझ्याकडे राहू दिली नाहीत."

मला वाटलं ताई रडतील. रडल्या नाहीत. टोपली खाली ठेवून कमरेवर हात देत हळूच ओटीवर बसल्या.

"तुझ्या हळदीच्या दिवशी सासू बोलली, धाकटी शाळेतली हाय, तिला मागं पडू देऊ नको," त्या म्हणाल्या. "ती गेली, पन मला कोन बोललं नाय की आता पुरे. तूपन नाय बोललीस. दीड पात लावून लावून माझी कंबर गेली गो."

त्यांचा कमरेचा पट्टा मी दोन पावसाळे बघत होते. वयाप्रमाणे होतं, असं मी धरून चालले होते. मला लाज वाटली, पण रागही पुरता गेला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं. मग ताईंनी विचारलं, ती बाई परत खालून चढते का? चढते, मी सांगितलं, नवा खेळ काढता येतो.

नवा खेळ काढला. मे महिना त्यातच गेला. ताई शेजारी असायच्या. शेवटच्या टप्प्यावर तळहात दिसला की त्या पदरात हात गुंडाळून घ्यायच्या आणि तोंड भिंतीकडे करायच्या. शाळा उघडायच्या आत बाई वर पोचली. आकाश तेच, दिवे तेच. चिन्हाशेजारी हात नव्हता. आनंद झाला, पण मी मनात धरला होता तेवढा नाही. झालं का, ताईंनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं. झालं, मी म्हटलं.

जुलैत लावणी निघाली. पहिला दिवस आमच्याच खाचरात. ताई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या पातीतच हात चालवत मागे सरकल्या. थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी हिरवं भात मला ओलांडून गेलं आणि मी मध्ये उरले. एकीने ताईंना हटकलं, थोरले, धाकटीकडं बघ ना. "तिची हाय ती," ताई म्हणाल्या आणि बांधावर जाऊन बसल्या. कमरेत कळा येत होत्या. ओळ वाकडी जात होती. एकदा मी तोल जाऊन चिखलात बसले आणि कुणी उठवायला आलं नाही. घरून आलेला चहा सगळ्यांनी घेतला, गप्पा झाल्या, कुणीतरी तंबाखू मळली. मी लावत राहिले.

शेवटची जुडी संपवून बांधावर आले तेव्हा ताईंनी माझ्यासाठी झाकून ठेवलेला पेला पुढे केला. चहा पार गार झाला होता आणि वर साय धरली होती. माझं तोंड वाकडं झालेलं त्यांनी बघितलं.

"मागून येनारीला तसाच मिळतो," त्या म्हणाल्या. "इतकी वरसं दीड पात उरकून मी तसाच पिते."

मी तो उभ्यानेच प्यायले.