मॅडमसमोरची मराठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. परवा सिविल लाइंसच्या एका ऑफिसात ओल्या फरशीवरून फिनाइलचा वास आला आणि मुलीच्या हिंदी शाळेत, असाच वास असलेल्या वर्गातली ती पालकसभा आठवली.

मुलगी तेव्हा सहावीत होती. मॅडमनी मार्कांचा विषय सोडून तिलाच विचारलं, “बेटा, घर पर पढ़ाई क्यों नहीं हो पाती?” रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “मैडम, रात को बाबा...”

तेव्हा मी रोज पिऊन यायचो. तिच्या केसांवरून हात फिरवत, हसत, अगदी लाडाच्या आवाजात मी मराठीत म्हणालो, “अजून एक शब्द बोलली ना राणी, तर घरी चामडी लोळवीन.”

मॅडम हसल्या. “कितनी मीठी भाषा है आप लोगों की!”

मुलगी पुन्हा रिबीन बोटाला गुंडाळू लागली. इज्जत वाचली म्हणून मी खूश होतो. आज वाटतं, तिचं ऐकून घेणारं एक माणूस समोर बसलं होतं, आणि मी तिला बोलू दिलं नाही.

दारू सुटून वर्षं झाली. मुलगी फोनवर आईशी मराठीत बोलते, माझ्याशी मात्र हिंदीतच. “जी बाबा, ठीक हूँ.”

मला तिची माफी मागायची आहे, मराठीत. अजून मागितलेली नाही.