करदोड्याखालची जखम

सिरसाळ्याच्या बाजारात शहादेवचं किराणा दुकान आहे. त्याच्या कमरेला लहानपणापासून काळा करदोडा, आणि तोही घट्ट. करदोडा सैल झाला की माणूस ढिला पडतो, असं त्याचं म्हणणं. त्या करदोड्याखाली डाव्या अंगाला एक जखम होती. ती खपली धरायची, पण गोणी उचलताना करदोडा घासला की खपली निघायची. शहादेव हळद दाबायचा आणि विसरून जायचा. अशी कैक वर्षं गेली. मग जखमेच्या कडा कोबीच्या गड्ड्यासारख्या फुगल्या, तेव्हा बायको वत्सलाबाई त्याला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

जखमेचा तुकडा तपासून आला. करदोडा घासून घासून कातडीचा कॅन्सर झाला आहे, पसरलेला नाही, कापून काढला तर बरा होईल, असं डॉक्टर मोहिनीबाईंनी सांगितलं.

"नुसतं घासल्यानं कॅन्सर कसा व्हईल?" शहादेवनं विचारलं.

"काका, पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याला ग्राहक म्हणतात. जखम झाली की 'वाढा, भरून काढा' असा निरोप येतो. ग्राहक तो घेऊन आत पोचवतो. जखम भरली की निरोप थांबतो. तुमची कधी भरलीच नाही. शेवटी पेशी बिघडल्या. आता निरोप नसला तरी ग्राहक आत ओरडतोच आहे, वाढा, वाढा."

शहादेवला हसू आलं. "असलं गिऱ्हाईक आमच्याकडं बी हाय. दुकान बंद केलं तरी फळी वाजवतंय."

"मग त्याला घालवू या. आधी हा करदोडा कापावा लागेल."

शहादेवचं हसू मावळलं. करदोडा तोडतात तो सरणावर. बापाचा त्यानंच तोडला होता.

"जित्या माणसाचा करदोडा कुनी तोडतं का? न्हाई जमायचं."

तो उठून बाहेर बाकावर जाऊन बसला. वत्सलाबाई मागोमाग आली.

"जुना झाल्यावर काय करता तुमी?"

"आधी नवा बांधतो, मग जुना काढतो. अंग मोकळं ठिवायचं नसतंय."

"मग बांधा की नवा. छातीला बांधा."

"छातीला? लोकं हसतील."

"कमरंला जागा ठिवली का तुमी?"

तिनंच समोरच्या टपरीवरून नवा करदोडा आणला आणि छातीला सैलसर बांधला. जुना डॉक्टरीणबाईंनी कापला. शहादेवनं डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

ऑपरेशन झालं. कापलेल्या तुकड्याच्या कडांना कॅन्सर सापडला नाही, म्हणजे सगळा निघाला होता. जखम भरल्यावरही करदोडा छातीवरच राहिला. नळावर आंघोळ करताना शेजारचा बन्सी विचारतो, "शहादेव, करदोडा वर कामून चढला रं?"

"खालचं गिऱ्हाईक लई बेकार व्हतं," शहादेव म्हणतो आणि तांब्या डोक्यावर ओततो.