रझियाआपाचं गार पाणी

सलीमचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. मी चहा गाळत होते. फोनवर त्याचं नाव दिसलं आणि हात थांबला, कारण त्याच्या आईशी, म्हणजे रझियाआपाशी, माझं दीड महिना बोलणं नव्हतं... खरं सांगायचं तर तीच माझ्याशी बोलत नव्हती. "मावशी, अम्मी गेली," तो म्हणाला. "झोपेतच. उठवायला गेलो तर..." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. माझ्या तोंडून एकच प्रश्न गेला, "घरातच ना रे?" "व्हय मावशी, घरातच," तो म्हणाला. त्या प्रश्नाची लाज मला आज पाच आठवड्यांनीही वाटते. पण तो का विचारला, हे सांगितल्याशिवाय आपाबद्दल काही लिहिता येणार नाही.

आपा शिवणकाम करायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि पोरांचे शाळेचे गणवेश तिच्या मशीनवरून गेलेले. तिचे वडील पंचगंगेत होडी चालवायचे, त्यामुळे चालायला आणि पोहायला ती बहुतेक एकदमच शिकली असावी. लग्न झालं आणि नदी सुटली. ती परत धरली साठीत, नवरा गेल्यावर. माझेही मालक गेले त्या वर्षी मी बँकेतून निवृत्त झाले होते, झोप उडाली होती, दिवसभर खुर्चीत बसून असायचे. आपा माप घ्यायला आली, टेप गळ्यात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "विमल, उद्या साडेसहाला तयार ऱ्हा. मी न्यायला येतो." कुठं, ते सांगितलंच नाही. आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा 'येतो, जातो'च म्हणतात, आणि आपाच्या तोंडी ते हुकमासारखं वाटायचं.

शहराच्या वरच्या अंगाला, हौसाक्काच्या उसाच्या रानालगत एक लहानसा घाट आहे. हौसाक्का म्हणजे आपाची बालमैत्रीण. म्हशींच्या धारा काढून ती काष्टा खोचूनच पाण्यात उतरायची. जानेवारीतली सकाळ, पाण्यावर धुकं. मी गुडघ्यापर्यंत गेले आणि मागं फिरले. आपानं मनगट धरलं. "नातवाच्या मोबाइलवर बघितलंय मी. परदेशातली माणसं टपात बर्फ टाकून बसत्यात, आन् तुला फुकटची नदी नगं व्हय?" गळ्यापर्यंत पाणी आलं तशी छाती आवळली, श्वास आत जाईना की बाहेर येईना. तेव्हा ती माझ्या तोंडाशी तोंड आणून ओरडली, "काल काय भाजी केलतीस? बोल!" मी कसंबसं "दोडका" म्हणाले. "कसा केलास? शेंगदाण्याचा कूट घातलास काय?" सांगता सांगता श्वास सुटला. हीच तिची पद्धत. गार पाण्यात गप्प राहायचं नाही, बोलणाऱ्याचा श्वास अडकत नाही, आणि एखादी गप्प झाली की तिला आधी बाहेर काढायचं. आम्ही तिघी रोज पाण्यात उभ्या राहून सुना, गुडघे, सिरियली असं वाट्टेल ते बोलायचो. नंतर हौसाक्काच्या किटलीतला चहा. थरथरत्या हातांनी कप धरून जे हसणं व्हायचं, तसं हसू मला घरात कधी आलं नाही.

मग मी माझ्या सुनेला, सुप्रियाला नेलं. ऑफिसच्या ताणानं तिचं डोकं दुखायचं, बरं वाटेल म्हणून मीच आग्रह केला. चौथ्या दिवशीची गोष्ट. वरच्या धरणातनं पाणी सोडलेलं होतं. नदी हातभर वाढली होती, आणि तळाचं पाणी असल्यानं सुरीसारखं लागत होतं. "आज कमरेच्या वर जायचं न्हाय," आपानं बजावलं. सुप्रिया एक पायरी जास्त उतरली. मी हौसाक्काला काहीतरी सांगत होते, माझी पाठ होती. आपानं मला मध्येच तोडलं. "सुप्रिया का बोलंना झालीया?" वळून पाहिलं तर सुप्रिया चार हातांवर होती, डोळे उघडे, ओठ निळे, आणि पाणी तिला अगदी हळू, शांतपणे पुढं नेत होतं. ती हाक मारत नव्हती, हातही वर करत नव्हती. मी किंचाळले. पाय मात्र हलले नाहीत... आपा केव्हाच पाण्यात झेपावली होती. सदुसष्ट वर्षांची बाई. तिनं सुप्रियाची वेणी धरली, पण ओढ दोघींनाही घेऊन चालली. हौसाक्कानं अंगावरचं लुगडं सोडलं, एक टोक हाताला गुंडाळलं, दुसरं फेकलं. पहिल्यांदा ते चुकलं. दुसऱ्यांदा आपाच्या हातात आलं. आम्ही दोघींनी ओढलं, मला वाटतं दोन मिनिटं, पण माझं आयुष्य त्यात संपलं होतं.

सुप्रिया अर्ध्या तासात बोलायला लागली. आपाचा श्वास मात्र बराच वेळ खाली बसला नाही. "दम लागलाय नुस्ता," ती म्हणाली. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कमजोर झालंय, बहुधा आधीपासूनच असणार, गार पाणी बंद. हे तिनं फक्त मला सांगितलं, मशीनवर मान खाली घालून. "सलीमला बोलायचं न्हाय. त्यो मला घरात कोंडून घालंल." मी अट घातली, तू पायरीवर बसायचं, पाण्यात यायचं नाही. ती कबूल झाली. महिनाभर ती शाल गुंडाळून पायरीवर बसून आम्हाला प्रश्न विचारत होती. मी सलीमला रस्त्यात भेटले की नजर चुकवायचे. माझ्या घरचं माणूस जिनं वाचवलं तिचंच दुखणं मी लपवत होते.

एका सोमवारी मी लवकर पोचले. घाटावर कुणी नव्हतं. पाण्यात मधोमध आपाचं डोकं दिसलं. एकटीच होती, आणि एकटीच बोलत होती, होडीवाल्या बापाशी बोलावं तसं काहीतरी. मी हाका मारून तिला बाहेर काढलं. ओठांचा रंग बघून घाबरले, आणि त्या घाबरण्यात नको ते बोलले. "मरायचंय तुला? आमच्या डोक्यावर पाप ठेवून जायचंय?" ती केस पिळत शांतपणे म्हणाली, "तुला काय कळणार? तू पाण्याला भिऊन आलीस, मी पाण्यातनंच आलोय." त्याच दिवशी मी सलीमला सगळं सांगितलं.

त्यानं तिचं बाहेर जाणं थांबवलं. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा आपानं मशीन चालवायला घेतलं आणि मी उठेपर्यंत थांबवलं नाही. जी बाई आम्हाला गप्प राहू देत नव्हती, तिचा अबोला किती जड असतो ते मी त्या खोलीत बसून अनुभवलं. तिसऱ्यांदा जायचं धैर्य झालं नाही... आणि मग तो फोन.

दफन झाल्यावर मी बायकांच्यात बसले होते. सलीमनं मला बाहेर बोलावून घेतलं. कागलच्या कारखान्यात शिफ्ट करणारा चाळिशीचा माणूस, भिंतीला टेकून उभा होता. "मावशी, शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हणली, नदीवर ने. नुस्ती पायरीवर बसतो म्हणली. मी न्हाय म्हणलो." मग त्यानं मलाच विचारलं. "तुम्ही सांगितलं म्हणून ती दीड महिना जास्त जगली, का तिचा दीड महिना वाया गेला? मला कळंना झालंय." मी त्याचा हात धरला. सुप्रिया रोज सकाळी डबा भरताना दिसते तेव्हा वाटतं, आपाला थांबवायचा अधिकार मला होता का? आणि गप्प बसायचा तरी होता का?

गेल्या रविवारी हौसाक्का आणि मी पहिल्यांदा परत गेलो. पाण्यात उतरायचं ठरलं नव्हतं. तेवढ्यात वर मोटरसायकल थांबली. सलीम होता, मागं त्याची बायको शबाना, हातात टॉवेल. "हिला यायचंय म्हणती," तो म्हणाला. "पोहता येत न्हाय. हात सोडू नका मावशी." मी आणि हौसाक्कानं एकमेकींकडे पाहिलं आणि उतरलो. शबानाला मधे घेतलं, कमरेपर्यंतच. सलीम घाटाच्या पलीकडच्या टोकाला, बायकांकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसला. त्यानं चपला काढल्या, पँट दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. जन्मभर नदीपासून लांब राहिलेला माणूस दचकला, पण पाय वर घेतले नाहीत.

आम्ही बाहेर आलो. कपडे बदलून झाले, चहा झाला. त्याचे पाय अजून पाण्यातच होते, घोट्यापर्यंत लालबुंद. त्याला ऊठ म्हणायला शबाना पुढं निघाली, तेव्हा हौसाक्कानं तिला थांबवलं. "बसू दे त्याला," ती म्हणाली. "आईजवळ बसलाय."