बाबांच्या अँबेसेडरसाठी वाडी आणि कामठी

बाबा निवृत्त झाले त्याच आठवड्यात जेवता जेवता त्यांनी जाहीर केले की आता ते अँबेसेडर घेणार. नवी मोटार नव्हे, जुनी अँबेसेडरच, आणि तीही पांढरी. सरकारी कार्यालयात लिपिक असताना साहेबांच्या पांढऱ्या अँबेसेडरमध्ये, मांडीवर फायलींचा गठ्ठा घेऊन, त्यांनी अर्धा विदर्भ पाहिला होता. ती मोटार आपली आहे असे त्यांना एकदा तरी वाटून घ्यायचे होते.

आई भाकरी थापता थापताच म्हणाली, "घ्या. पण प्रज्ञा हो म्हणंन तं घ्या. नाही म्हणंन तं विषय बंद."

प्रज्ञा म्हणजे मी. घरात कोणतीही मोठी वस्तू यायची झाली की तिच्याविषयी आधी मी वाचते, एवढीच माझी पात्रता. पुढचे दोन-अडीच महिने मी दुरुस्तीची जुनी पुस्तके आणि अशा मोटारी बाळगणाऱ्यांचे अनुभव वाचून काढले. मी असे वाचणार हे बाबांना आधीच ठाऊक होते. पण अनोळखी माणसांसमोर माझा आवाज बसतो, हेही ठाऊक होते. त्यामुळे आईची अट त्यांनी हसत मान्य केली. मी मात्र तेव्हाच ठरवले की जे दिसेल ते तिथेच, मोठ्याने सांगायचे.

जुनी मोटार घ्यायच्या विचारात असलेल्यांना आमच्या या दोन रविवारांचा थोडाफार उपयोग होईल, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला रविवार वाडीचा. आमच्या घरापासून, म्हणजे हुडकेश्वरहून, शहर बसने सीताबर्डी आणि तिथून अमरावती रोडची दुसरी बस. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे शंभराच्या आसपास होते. विद्यापीठाचा परिसर मागे पडला की झाडे कमी होत जातात आणि ट्रक वाढत जातात. वाडीत उतरल्यावर रस्ता ओलांडताना घाई करू नका. तिथले ट्रक थांबतात, पण त्यांच्या मर्जीने.

जुन्या मोटारींचा विक्रेता बंटीभाऊ याचे आवार एका गोदामाच्या मागे होते. फाटकातूनच ती दिसली. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात पांढरीशुभ्र उभी होती, आणि क्रोमची जाळी अशी चमकत होती की बाबांनी चष्मा काढून पुसला.

"या काकाजी, जय भीम! पहिले नाश्ता, मग गाडी. गाडी कुठी पळून चालली का?" बंटीभाऊने खुर्च्या मांडूनच ठेवल्या होत्या. झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे आले, पाठोपाठ जिलबी आली, मग चहा. बाबांनी दोनदा तर्री घेतली. पोहे खरोखर उत्तम होते, आणि चूक तिथेच झाली.

आमच्याकडची माणसे ज्याच्याकडे खातात, त्याच्या वस्तूत दोष दाखवत नाहीत. प्लेट खाली ठेवल्यावर बाबा मोटारीभोवती ज्या चालीने फिरले, ती गिऱ्हाइकाची चाल नव्हती. नव्या घराच्या वास्तूला गेलेल्या पाहुण्याची होती. "वा! छान! मस्त ठेवली गा!"

मी बॉनेटवर तळहात ठेवला. ते गरम होते.

"सकाळीच पेट्रोल भरून आणली ना ताई," बंटीभाऊ लगेच म्हणाला.

हे लक्षात ठेवा. जुन्या इंजिनाच्या बहुतेक तक्रारी ते थंड असताना सुरू करतानाच कळतात: किती वेळा स्टार्टर मारावा लागतो, पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो, कोणते आवाज आधी येतात आणि मग थांबतात. मोटार आधीच गरम करून ठेवली असेल, तर पाहण्याची ती संधी गेलेली असते. म्हणून आदल्या दिवशीच फोन करून सांगावे की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका.

मग मी पिशवीतून चुंबक काढला. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून तो मऊ फडक्यात बांधून आणला होता. जिथे खरा पत्रा असतो तिथे तो धरतो. जिथे गंजलेला पत्रा झाकून वर लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असते, तिथे धरत नाही. छतावर त्याने धरले, दारांवरही धरले. पण दारांखालच्या लांब पट्टीवर लावला, तर तो सरळ मातीत पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. दुसऱ्या बाजूलाही तेच. आत रबरी चटई उचलली, तर खाली ताज्या डांबराचा थर होता आणि अंगठ्याने दाबल्यावर तो आत दबत होता.

या मोटारीला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नसतो. तिचा पत्राच तिचा सांगाडा. इंजिन बदलता येते, रंग पुन्हा देता येतो. पण खालचा पत्रा कुजला असेल, तर वरची सगळी चमक वाया जाते.

मी हे बाबांच्या कानात सांगितले. ते हळूच म्हणाले, "अवं, त्याच्या घरचं खाल्लं आता. असं कसं म्हणावं?" आणि बयाण्याच्या आगाऊ पैशांसाठी त्यांचा हात खिशाकडे गेला.

"बाबा, नको."

"काय म्हणून राहिल्या ताई?" बंटीभाऊने विचारले.

आवारातली चार माणसे माझ्याकडे पाहत होती. मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी गोदामापर्यंत ऐकू जाईल असे म्हणाले, "खालचा पत्रा कुजलेला आहे. वरून लांबी भरली आहे. ही मोटार आम्हाला नको."

बंटीभाऊ मोठ्याने हसला. "काकाजी, पोरगी जबरदस्त आहे तुमची! ताई, नवरदेव पाहाले जासान तवा बी हे चुंबक घेऊनच जाजा. वरून चकाचक आन् आतून लांबी, असे लय भेटतात!"

सगळे हसले, बाबाही हसले आणि त्यांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. नाश्त्याचे पैसे बंटीभाऊने घेतले नाहीत. परतीच्या बसमध्ये बाबा म्हणाले, "माणूस वाईट नाही." मी म्हटले, "माणूस नाही बाबा, पत्रा वाईट आहे." सीताबर्डी येईपर्यंत ते अधूनमधून एकटेच हसत होते. घरी गेल्यावर आईला त्यांनी सगळी हकीकत दोनदा सांगितली.

दुसऱ्या रविवारसाठी मी एकच नियम केला: मोटार आधी, खाणे नंतर.

कामठीला जायचे तर सीताबर्डीहून मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जावे आणि तिथून शेअर ऑटो करावा. मेट्रो उंचावरून जाते, सकाळी गर्दी नसते, आणि तिकीट एका माणसाच्या नाश्त्याहून महाग नाही. शेअर ऑटोत मात्र पुढे बसू नका. चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जण बसवल्यावर हँडल कोण सांभाळते हे समजत नाही. कामठीच्या वस्तीत शिरलो की विणकरांच्या मागांची खटखट भिंतींआडून ऐकू येते. लष्करी छावणीकडे वळलो की ती एकदम मागे पडते आणि रुंद, सावलीचे, झाडून ठेवल्यासारखे रस्ते लागतात.

मोटार विकणाऱ्या सुलभाकाकूंचे घर त्या वळणावरच होते. त्यांचे यजमान शाळामास्तर होते. ते गेल्याला दोन वर्षे झाली. मुलगा पुण्याला नोकरीत. मोटार अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री पांघरून उभी होती.

काकूंनी पाणी आणले आणि म्हणाल्या, "बसा. पोहे टाकते, खाऊन घ्या आधी."

"काकू, आधी मोटार पाहू या. नंतर सगळं घेऊ," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. "काहून वं? आमच्या घरचं चालत नाही का तुम्हाला?"

बाबा खुर्चीतून उठूनच उभे राहिले. हा प्रश्न आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, पण उलट्या बाजूने. त्यांनी पेला उचलला, सगळे पाणी एका दमात प्यायले आणि म्हणाले, "ताई, तसं नाही हो. मागच्या रविवारी मी पोहे खाऊन फसत होतो, म्हणून पोरीनं मले बंदी घातली आहे." काकू इतक्या हसल्या की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला.

ताडपत्री निघाली. मोटार पांढरी नव्हती. फिक्या दुधी रंगाची होती आणि तो रंगही बॉनेटवर उडालेला. बाबांची निराशा मला पाठमोरीही दिसली.

बॉनेट गार होते. चुंबक मी दारांखाली लावला आणि त्याने इतके घट्ट धरले की काढताना जोर लावावा लागला. पुढून, मागून, चाकांच्या वरच्या कमानीत, डिकीत जास्तीच्या चाकाखाली, सगळीकडे त्याने धरले. चटईखाली धूळ होती, पण धुळीखाली पत्रा कोरडा आणि टणक होता. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली आणि चेसिस नंबरचा ठसा घेतला. तो कागदपत्रांशी अंकन्‌अंक जुळला. काचा मूळच्या, स्टिअरिंगवरचा गिअर मूळचा. शेजाऱ्यांची बॅटरी लावून स्टार्टर मारला, तर तिसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले. पांढरी वाफ आली आणि विरली. इंजिन तेल जाळत असेल तर येतो तो निळा धूर नव्हता.

छावणीच्या रस्त्यावर बाबांनी ती चालवली. ब्रेक दाबला की डावीकडे ओढत होती. टायर दगडासारखे झाले होते, छताचे कापड लोंबत होते, दारांची रबरे संपली होती. पण यातले प्रत्येक काम करून घेता येण्यासारखे होते. परत येईपर्यंत बाबा रंगाविषयी एक शब्दही बोलले नाहीत. उतरताना त्यांनी दार लावले आणि हात दारावर तसाच राहू दिला.

मग आम्ही अंगणातल्या टेबलावर पोहे खाल्ले, आणि काकूंनी किंमत सांगितली. भंगारवाल्याने जेवढी सांगितली होती, त्याहून थोडी जास्त. बाबांच्या हाताशी जे पैसे होते त्यांच्या निम्म्याहूनही कमी. टेबलाखाली त्यांचा पाय माझ्या पायावर टेकला आणि तिथेच राहिला.

काकू माझ्याकडे वळल्या. "तू इतकं बारकाईने पाहिलंस. तूच सांग बाई, जास्त तर नाही ना सांगितली मी? मला यातलं काही कळत नाही. मुलगा म्हणतो, येईल त्या भावात काढून टाक."

वाडीत बोलणे अवघड होते, कारण समोर अनोळखी माणसे होती. इथे अवघड होते ते शेजारी बाबा बसले होते म्हणून. पण डाग दिसला की बोलायचे आणि गुण दिसला की गप्प बसायचे, हे पाहणे नव्हे. हा नुसता सौदा झाला.

"नाही काकू, जास्त नाही, फार कमी सांगितलीत," मी म्हणाले. "इतका निरोगी पत्रा आणि मूळचे सगळे भाग असलेली मोटार आता सहज मिळत नाही. ब्रेक, टायर आणि आतल्या कामाचा खर्च वजा केला, तरी तिचे मोल याच्या चौपट आहे."

चौपट म्हणजे आमच्या आवाक्याबाहेर. बाबांचा पाय बाजूला झाला.

काकू उठून बराच वेळ ताडपत्रीची घडी घालत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मग मला मुलाशी बोलावं लागेल हो." बाबा म्हणाले, "बोला ताई. बोललंच पाहिजे." त्यांनी आपला नंबर दिला आणि आम्ही निघालो.

मेट्रोच्या जिन्यावर बाबा म्हणाले, "तुले काहून सांगा लागत होतं?"

"त्यांनी विचारलं, बाबा."

"मले विचारलं असतं तं मी गप्प बसलो असतो."

"माहीत आहे."

घरी त्यांनी आईपुढे माझी तक्रार मांडली, हातातली मोटार पोरीने घालवली म्हणून. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "वाडीत बोलली तं शहाणी, आन् कामठीत बोलली तं येडी? असं कसं जमंन? तुम्हीच तं तिले घेऊन गेले." बाबा उठून अंगणात गेले. तीन-चार दिवस आमच्या घरात मोटार हा शब्द कोणी काढला नाही.

मग एका संध्याकाळी सुलभाकाकूंचा फोन आला. फोन बाबांनीच उचलला. काकू इतक्या घाबरून बोलत होत्या की त्यांचा आवाज मला समोरच्या खुर्चीत ऐकू येत होता. मुलाने जाहिरात दिली होती. बाहेरगावचे एक गृहस्थ अंगणात येऊन उभे होते, आणि खालचा पत्रा कुजला आहे, म्हणून निम्म्याच भावात देता का, असे विचारत होते. आता त्यांना काय सांगायचे?

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली.

"ताई, घाबरू नका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम कार्यालयातल्या साहेबांसारखा झाला. "माह्या पोरीनं ती गाडी खालून वरून तपासली आहे. पत्रा पक्का आहे. त्याले म्हणा, कुठी कुजला ते बोट ठेवून दाखव. आन् एक रुपया कमी करू नका. ऐकलं का? एक रुपया नाही. लागलं तं फोन त्याच्या हातात द्या, मी बोलतो."

फोन त्या गृहस्थाच्या हातात गेला आणि बाबा बोललेही, बराच वेळ, चेसिस नंबरापासून डिकीपर्यंत.

फोन ठेवल्यावर आईने विचारले, "मंग? गेली का तुमची गाडी?"

"गेली," बाबा म्हणाले. "पण पुऱ्या भावात गेली." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तो म्हणत होता, तुम्ही मेकॅनिक आहात का? मी म्हटलं, नाही, मी प्रज्ञाचा बाप आहो."