झाकणावरचे निखारे

दिघाशीचा लडकू सोळा वर्षं मुंबईत एका चिनी हॉटेलच्या भटारखान्यात उभा होता, आणि गावाला मात्र त्याला साधा भात तरी लावता येतो की नाही याची शंका. गावाचा तरी काय दोष? तो गावात होताच कधी? पंधरवड्याला एका मंगळवारची सुट्टी. आदल्या दिवशी शेवटच्या एसटीने यायचा. पिशवीत ॲल्युमिनियमचा डबा, आणि डब्यात मालकाच्या नकळत भरलेल्या लालभडक तिखट नूडल्स. बायको, तुळजा, डबा उतरवून घ्यायची. मुलगी चंद्रा तोवर झोपलेली. सकाळी ती शाळेला निघायची तेव्हा हा घोरत असायचा, आणि ती परतायच्या आत हा पुन्हा एसटीत. असा बाप म्हणजे घरचा पाहुणाच.

पंचाहत्तर साली तुळजा गेली. चंद्रा लग्न होऊन वडप्याला गेली. पुढे लडकूची नजर अधू झाली, हॉटेलवाल्यांनी त्याला घरी पाठवलं. ज्या घरासाठी राबला त्या घरात आता त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं. कधीकधी सबंध दिवसात तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. लडकूला फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायचं तरी कोणाला?

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत वडप्याहून ट्रक घेऊन आलेल्या केसरीनाथने निरोप दिला. "चंद्राला पाचवा लागलाय. त्या लाल चिनी शेवया खायच्या म्हनते. मंगळवारी येनार हाय."

लडकू हरखला. पोरीने आपला डबा लक्षात ठेवला होता! डोहाळे माहेराने पुरवायचे असतात, आणि माहेर म्हणजे आता तो एकटाच. चंद्राने एकदा, फक्त एकदा, 'बा, तू आणायचास त्या' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

भिवंडीच्या बाजारातून त्याने जाड शेवया आणल्या, सुक्या मिरच्या, लसूण, शिरका आणला. पण हॉटेलातली भडकती आग चुलीला कुठून येणार? रविवारी करून पाहिलं तर कढईत नुसता लगदा झाला.

शेजारची चुलत वहिनी बायजाबाई हसली. "भावजी, तुळजा कढईत परतायची न्हाय. टोपात केळीचं पान घालायची, त्यावर शेवया, वर परत पान. खाली निखारे, झाकनावर निखारे. कड करकरीत व्हायची. चंद्रा कडेसाठी रडायची."

सोमवारी त्याने तसंच केलं. पण जन्म गेला उघड्या कढईपुढे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला चैन कुठली? तीनदा झाकण उचललं आणि तिसऱ्यांदा राख थेट शेवयांत पडली.

"तुळजा कशी थांबायची?" त्याने विचारलं.

"पानाचा करपट वास येईस्तोवर हात लावायची न्हाय," बायजाबाई म्हणाली.

मंगळवारी लडकू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून चुलीपुढे बसला. वास आला तेव्हाच उठला.

चंद्रा आली, पाटावर टेकली. पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"आईच्या हातच्या," ती म्हणाली. "ती गेल्यापासून खाल्ल्या न्हायत. ती कुठं शिकलेली, कुनास ठाऊक. पन बा, तुला कशा येतात?"

फळीवर तो जुना डबा होता. त्याने मुद्दाम घासूनपुसून समोर ठेवला होता. हात लांब केला की पुरे. आणि तेवढ्यात त्याला आठवलं, तुळजाला दम त्यानेच भरला होता. चोरून आणलेला माल आहे, पोरीच्या तोंडून गावभर होईल, डब्यातल्या गरम करून वाढ, पण घरीच केल्या म्हणून सांग. बिचारीने मरेपर्यंत शब्द पाळला होता.

पोर आईला घासाघासाने परत मिळवत होती. तिच्या ताटातून तेवढं काढून घ्यायचं त्याला जमेना.

"तुझ्या आईनंच शिकवल्या," तो म्हणाला आणि कडेचा करकरीत तुकडा तिला वाढला.

तिने अर्धा मोडून त्याच्यापुढे धरला. "तू पन खा. तू कधी खाल्ल्यास का या, आईच्या हातच्या?"

"न्हाय," लडकू म्हणाला. तेवढं मात्र खरं होतं.