उभ्याने बसायची जागा: लिमरिकचं जुनं कथीड्रल

"तुम्ही जेवा गं, मी उभ्याउभ्याच घेते दोन घास." मी सहा-सात वर्षांची असताना आईला विचारलं होतं, तू आमच्याबरोबर का बसत नाहीस, तेव्हा ती हे म्हणाली होती. हातात ताटली, पाठीशी ओटा, नजर तव्यावरच्या पोळीवर. आता मी पंचेचाळिशीत आहे आणि आईने सत्तरी ओलांडली आहे. सांगलीच्या ओट्याच्या जागी आयर्लंडमधल्या ट्रलीचा ओटा आलाय. वाक्य तेच.

आई २०२० च्या फेब्रुवारीत आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली आणि लॉकडाउनमध्ये अडकली. पुढच्या उन्हाळ्यात तिला जिना चढताना धाप लागायला लागली. माझा नवरा निखिल इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. त्याने स्टेथोस्कोप लावला, काढला आणि पुन्हा लावला. "लिमरिकला हृदयाचा एको करून घेऊ," एवढंच म्हणाला. तेव्हा ही काही हौसेने ठरवलेली सहल नव्हती. पण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायची बंदी नुकतीच उठली होती, आणि इतक्या महिन्यांनी लॉकडाउनच्या पाच किलोमीटरच्या मर्यादेपलीकडे चाललोय, या आनंदात आईने धपाटे केले, लोणचं घेतलं आणि ठेवणीतला स्वेटर घातला.

ट्रलीहून लिमरिक दीड-दोन तास. रस्ता चांगला आहे, फक्त अडेअर गावात गाड्यांची रांग लागते. गवती छपरांची टुमदार घरं बघत तुम्ही रांगतच पुढे सरकता. अपॉइंटमेंट असेल तर अर्धा तास जास्त धरा. मला एकही घर धड दिसलं नाही. आई मात्र प्रत्येक छपराचा हिशेब मांडत होती. "पावसात गळत नसेल का गं हे?"

हॉस्पिटलमध्ये फक्त पेशंटलाच आत सोडत होते. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. आई तासाभराने एकटीच मास्क सावरत बाहेर आली.

"काय म्हणाली डॉक्टर?"

"ग्रँड म्हणाली."

"आई, इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. पाऊस पडला तरी ग्रँड."

"मग माझ्या हार्टलापण म्हणाली. तू चल."

तेवढ्यात डॉक्टरचाच फोन आला. हृदय चांगलं आहे, झडपा व्यवस्थित आहेत. रक्त कमी आहे आणि थकवा आहे. लोहाच्या गोळ्या आणि विश्रांती. "तिला जरा बसायला सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर हसली फक्त." मी फोन ठेवला आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले. आई पाठीवर हात फिरवत म्हणाली, "ग्रँड म्हणजे ग्रँडच होतं की नाही?"

अख्खी दुपार हातात होती. घरी जावंसं वाटेना. म्हणून शॅनन नदीकाठचं जुनं कथीड्रल बघायला गेलो. बाराव्या शतकातलं आहे. राजाने आपल्या राजवाड्याची जागा देऊन उभारलं असं सांगतात. तिकीट माणशी पाच युरो होतं. गाडी नदीकाठी लावा, तिथून चालत पाच मिनिटं.

दारातच आईने बूट काढले. काउंटरमागच्या पांढऱ्या केसांच्या बाई लगबगीने पुढे आल्या. "अगं, राहू देत बूट! फरशी बर्फासारखी आहे." मी भाषांतर केलं. आईने बूट घातले, पण देवापुढे पायात काहीतरी आहे हे तिला खुपत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

फरशीवर पिवळे बाण चिकटवले होते. कोविडमुळे एकाच दिशेने फिरायचं. आत गेल्यावर उजवीकडे, मग वेदीपुढून डावीकडून परत. आईने बाण बघितले आणि सरळ डावीकडे वळली.

"आई, बाण तिकडे आहेत."

"असू देत. मी उलटी प्रदक्षिणा घालणार नाही. आजच्या दिवशी तर नाहीच."

त्या बाई मागून आल्याच. "लव्ह," त्या इथल्या लाडिक रीतीने म्हणाल्या, "तुम्ही उलट्या चाललात." मी ओशाळून समजावलं. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं असतं, आणि आज हिचा रिपोर्ट चांगला आलाय. बाईंनी आमच्याकडे बघितलं, रिकाम्या चर्चकडे बघितलं. "तुमच्याशिवाय आहे कोण इथे? चला, मीच येते, म्हणजे नियमाचं कोणी विचारायला नको." आणि दोन मीटर अंतर राखून, बाणांच्या विरुद्ध, आमच्यापुढे चालू लागल्या.

डाव्या भिंतीत एक छोटा झरोका आहे. जुन्या काळी कुष्ठरोग्यांना आत प्रवेश नव्हता. ते बाहेर उभे राहून या झरोक्यातून प्रार्थना ऐकायचे आणि प्रसादही तिथूनच घ्यायचे. आई त्याच्यासमोर थांबली. निखिलला कोविड झाला तेव्हा तो मागच्या खोलीत बंद होता आणि आई उंबऱ्यावर ताट ठेवून, दार वाजवून मागे सरायची. "ताट तरी पुरेसं मोठं मिळायचं का यांना?" तिने विचारलं. मी हे बाईंना सांगितलं नाही.

मुख्य वेदी म्हणजे चुनखडीचा एकच अखंड दगड, चारेक मीटर लांब. सतराव्या शतकातल्या लढायांच्या धामधुमीत तो बाहेर फेकला गेला होता, गेल्या शतकात परत आणून बसवला. आईने त्याच्या कडेवरून नजर फिरवली. "कडाप्प्यासारखा आहे गं. एवढा ओटा असता तर दिवाळी एका दिवसात उरकली असती."

आणि मग त्या खुर्च्या. काळ्या पडलेल्या ओकच्या, पंधराव्या शतकातल्या. बसायची फळी वर उचललेली असते, आणि तिच्या खालच्या बाजूला प्राणी कोरलेत: हंस, सिंह, रानडुक्कर, पंख असलेले न ओळखता येणारे कोणी. हे लपवून ठेवलेलं कोरीवकाम कशासाठी? बाई सांगू लागल्या. प्रार्थना तासन्‌तास चालायची आणि ती उभ्यानेच करायची. म्हाताऱ्यांचे पाय थरथरायचे. म्हणून उचललेल्या फळीला खालून एक बोटभर रुंद कड ठेवली. तिच्यावर कंबर टेकायची. बघणाऱ्याला वाटतं, माणूस उभाच आहे.

मी भाषांतर करेपर्यंत आईला कळलंच होतं.

"म्हणजे बसायचं, पण बसलोय असं दाखवायचं नाही. हे बाईमाणसाने शोधलेलं दिसतंय."

मी तेही इंग्रजीत सांगितलं. "इथे तेव्हा पुरुषच असायचे हो," बाई म्हणाल्या.

"मग त्यांच्या आयांनी सांगितलं असेल."

बाई मास्कच्या आत इतक्या हसल्या की चष्म्यावर वाफ धरली.

हॉटेलांत आत बसायला अजून परवानगी नव्हती, बाहेर टेबलं मांडलेली होती. आम्ही नदीकाठच्या बाकावर डबा उघडला. बाक ओला आहे, म्हणत आई उभीच राहिली. कंबर बाकाच्या पाठीला टेकलेली. बाक कोरडा होता. मी त्यावर बसले होते.

परतीच्या वाटेवर आई गाडीत झोपली. अडेअरच्या रांगेत मला या वेळी ती घरं दिसली, दारातल्या गुलाबांसकट.

त्या दिवसातलं काय राहिलं, याचा विचार करते तेव्हा राजा आठवत नाही, वेदीही क्वचितच. ती बोटभर कड आठवते. आईची कड ओट्याला होती, आणि मी ती चाळीस वर्षं बघत आले होते. तिला कंबर टेकायला तेवढीच जागा आहे आणि ती तिने स्वतःच शोधली आहे, हे मात्र लिमरिकला जाऊन कळलं.

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने कणीक मळायला घेतली. पहिली पोळी तव्यावर, ताटली हातात, कंबर ओट्याला. मी गॅस बारीक केला, टेबलाजवळची खुर्ची ओढली. आता काय ऐकायला मिळणार ते मला तोंडपाठ होतं, तरी म्हणाले, "आई, पोळ्या मी करते. आज तू आधी बस."